एडीएचडी बापाकडून येतो का? आणि मोठेपणी खरंच जातो का?

दोन_पिल्लांची_आई:

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच लिहितेय. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, आहे असं सांगितलं. तसं सीनियर केजीपासूनच शाळेतून चिठ्ठ्या यायच्या, जागेवर बसत नाही, डबा विसरतो, मधेच बोलतो, आणि मी म्हणायचे मुलगा आहे, वारं प्यायलेल्या वासरासारखा हुंदडणारच. पण या वर्षी फळ्यावरचं उतरवून घेणंच बंद झालं. एक ओळ लिहितो, मग पेन्सिलीला टोक करतो, मग खिडकीबाहेर बघतो, मग परत टोक. दोन दिवसांत एक पेन्सिल संपते, खरंच सांगते, कंपासपेटी उघडली की सगळा भुसाच असतो. आणि गणित तोंडी विचारलं तर माझ्या आधी उत्तर देतो.

तर डॉक्टरांनी आम्हा दोघांना एक लांबलचक फॉर्म भरायला दिला होता. नवरा भरता भरता मधेच थांबला. हातातलं काम पुरं न करता दुसरं घेतो, वस्तू हरवतो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, असं सगळं त्यात होतं. घरी येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, अगं हे मी आहे. तो ३९ वर्षांचा आहे. कामात हुशार, पण तीन नोकऱ्या बदलल्या, दर वेळी कारण तेच, काम अर्धवट आणि डेडलाईन गेलेली. लाईट बिल उशिरा, इन्कम टॅक्स रिटर्न शेवटच्या रात्री, या पावसाळ्यात दोन रेनकोट हरवून झाले. मी दहा वर्षं याला बेफिकिरी समजून भांडत आले आणि आता मला काय वाटतंय ते नीट सांगताही येत नाही.

सासूबाई म्हणतात, हाही असाच होता, लग्न झाल्यावर ताळ्यावर आला, पोराला औषधंबिषधं काही नकोत. माझी आई म्हणते मोबाईलमुळे झालंय. नणंद म्हणाली, आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही, तुमच्याकडून आलं असेल. ते मनाला फार लागलं. आणि रात्री मला एकच आठवत राहतं की याच्या वेळी पाचव्या महिन्यात मला ताप आला होता आणि मी तीन-चार दिवस पॅरासिटामॉल घेतली होती.

तर विचारायचं असं की हे आनुवंशिक म्हणतात ते नक्की किती, मोठेपणी जातं का (नवऱ्याचं तर गेलेलं दिसत नाही), आणि माझी धाकटी चार वर्षांची आहे तिला होईल का. ऑनलाईन थुंकीची डीएनए टेस्ट मिळते, त्यात एडीएचडीची रिस्कपण सांगतात म्हणे, तिची करून घ्यावी का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

बालमन_डॉक्टर:

ताई, मी लहान मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून बघितलंय, मी नाही, तेव्हा त्याच्या निदानाबद्दल काही बोलत नाही. बाकी प्रश्न सगळ्याच आईबाबांचे असतात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पॅरासिटामॉलचं बोलू, कारण तुमची झोप त्यामुळे जातेय. गरोदरपणात ती घेतलेल्या बायकांच्या मुलांत एडीएचडी थोडा जास्त दिसतो असे काही अभ्यास आले होते, बातम्याही झाल्या. मग २०२४ मध्ये स्वीडनमधून सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास आला. त्यांनी सख्ख्या भावंडांची आपसात तुलना केली, म्हणजे एकाच आईने एका खेपेला गोळी घेतली होती आणि दुसऱ्या खेपेला नव्हती. अशी तुलना केल्यावर तो फरक उरलाच नाही. आई तीच, घर तेच, दोन्ही मुलांची जनुकं त्याच दोघांकडून आलेली, आणि त्यांच्यात गोळीने काही फरक पडलेला दिसत नाही. उलट गरोदरपणात ताप अंगावर काढणं बाळाला चांगलं नसतं. तुम्ही ताप उतरवलात ते योग्यच केलंत. हे मी तुमचं समाधान करायला म्हणत नाहीये.

आता आनुवंशिकता. हे कळतं ते मुख्यतः जुळ्यांवरून. काही जुळी एकाच बीजाची असतात, त्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी. काही दोन वेगळ्या बीजांची, ती साध्या भावंडांइतकीच सारखी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढतात. तरी एका बीजाच्या जुळ्यांत एकाला एडीएचडी असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा खूप जास्त निघतं. असे ३७ अभ्यास एकत्र केले तर आनुवंशिकता सरासरी ७४ टक्के येते, हे २०१९ मध्ये छापून आलंय. म्हणजे जवळजवळ उंचीइतकी आनुवंशिक गोष्ट आहे ही. दत्तक मुलांवरही अभ्यास झालेत, त्यात एडीएचडी जन्मदात्या घराच्या बाजूने जास्त दिसतो, वाढवणाऱ्या घराच्या बाजूने नाही. त्यामुळे तुम्ही लाडावून ठेवलं किंवा शिस्त लावली नाही म्हणून हे झालं असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

पण ७४ टक्के या आकड्याचा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. बापाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ७४ टक्के, असं ते नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, कुणी तासभर एका जागी बसतो आणि कुणाला दहा मिनिटं जमत नाही, त्या फरकातला एवढा वाटा जनुकांतल्या फरकामुळे येतो, असा तो अर्थ. एका मुलाकडे बोट दाखवून याच्यातलं ७४ टक्के बापाचं, असं म्हणता येत नाही.

नणंदेचं म्हणाल तर हे एका घराण्याकडून येतच नाही. एकच जनुक नसतं, हजारो ठिकाणचे बारीक बारीक फरक असतात, एकेकट्याचा परिणाम नगण्य. ते तुमच्यातही थोडे, तुमच्या मिस्टरांतही थोडे, माझ्यातही थोडे. मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून कोणते किती आले, त्यावर बरंचसं ठरतं. बाकी वेळेआधी जन्म, जन्मताना वजन फार कमी असणं अशा गोष्टींनीही भर पडते. मोबाईलने लक्ष विचलित होतं हे खरं, झोपही बिघडते, पण तुमच्या मिस्टरांच्या लहानपणी मोबाईल होता कुठे?

मोठेपणी जातो का? पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की वयात आल्यावर निघून जातो. तेव्हाच्या डॉक्टरांना मूल खुर्चीत शांत बसायला लागलं की बरं झालं असं वाटायचं. अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास आहे, एमटीए नावाचा, नव्वदच्या दशकात सात ते नऊ वर्षांची मुलं घेऊन सुरू केला आणि ती साधारण पंचविशीची होईपर्यंत परत परत तपासली. २०२२ मध्ये ५५८ जणांचं चित्र आलं. कायमची लक्षणं गेली असे जेमतेम ९ टक्के. उरलेल्यांत सगळ्यात मोठा गट, जवळजवळ ६४ टक्के, असा की काही वर्षं बरं, मग परत, मग पुन्हा बरं. म्हणजे सासूबाईंनी बघितलं ते खोटं नाही, लग्नानंतर त्यांचा मुलगा खरंच सावरला असेल. ती बरी वर्षं असतील. किंवा त्याची अर्धी कामं तुम्ही उचलली असतील.

धाकटीबद्दल उद्या लिहितो, ओपीडीला निघायचंय.

उशिरा_उमगलं:

अगं पिल्लांच्या आई, तुझं वाचून कालपासून डोक्यात तेच आहे. आमच्याकडे हेच झालं, फक्त बापाच्या जागी मी.

मला ४१व्या वर्षी कळलं. मुलीचं निदान तेराव्या वर्षी झालं, ती अजिबात धावपळ करणारी नाही, उलट शांत, वर्गात स्वप्नात असल्यासारखी, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिच्यासोबत गेले होते तर त्या डॉक्टर बाईंनी मला सहज विचारलं, तुमचं कसं होतं हो लहानपणी? मी म्हटलं माझं छान होतं, कधी नापास नाही, कधी तक्रार नाही. मग त्यांनी विचारलं दप्तर कोण भरायचं? आणि मी बोलता बोलता थांबलेच. दप्तर आई भरायची. अगदी बारावीपर्यंत. रोज रात्री जेवणं झाली की ओटा पुसून ती माझं टाइमटेबल बघायची, वह्या काढायची, पाण्याची बाटली दाराशी ठेवायची, परीक्षेच्या दिवसांत शेजारी बसून नुसतं विणकाम करायची, मी उठू नये म्हणून. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया हे करतात.

नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं, आई लांब राहिली आणि दोन वर्षांत माझं सगळं विस्कटलं. बँकेत आहे मी, तिथे एक चूक म्हणजे काय असतं ते बँकेतल्यांनाच माहीत. रोज घरी येऊन रडायचे. डिप्रेशन म्हणून सहा वर्षं गोळ्या घेतल्या, थोडं बरं वाटायचं पण काम काही सुधारायचं नाही, मग आपण नालायकच आहोत असं पक्कं वाटायला लागलं. खरं निदान झाल्यावर उपचार बदलले आणि आता मी महिनाअखेरीचं काम वेळेत देते. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तिला हे सगळं सांगितलं. तिला आधी वाईट वाटलं आणि मग म्हणाली, मी तुला मदत केली ते चुकलं का गं? मी म्हटलं नाही आई, त्याच्यावरच तर मी तरले.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं स्वतःसाठी वेगळी अपॉइंटमेंट घे. मुलाच्या अपॉइंटमेंटमध्ये जाता जाता विचारू नकोस.

डॉक्टर, तुम्हाला एक विचारायचंय. माझ्या ऑफिसात एकजण म्हणाला की मोठेपणी नव्याने होणारा एडीएचडी वेगळाच असतो, त्याचा जनुकांशी संबंध नाही. मग माझा कुठला?

आकडेमोड:

मी डेन्मार्कमध्ये ऑरहूसला बायोस्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करतोय, मूळचा साताऱ्याचा. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल काही बोलणार नाही, पण डीएनए टेस्टचं वाचून राहवलं नाही.

ताई, ती टेस्ट करू नका. का ते सांगतो. इथे डेन्मार्कमध्ये १९८१पासून जवळपास प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून साठवून ठेवलेत, आणि त्या थेंबांतून डीएनए काढून हा अभ्यास झालाय, त्यामुळे इथले आकडे जगभर वापरतात. २०१९ मध्ये जनुकसंचातल्या १२ जागा सापडल्या ज्यांचा एडीएचडीशी संबंध पक्का आहे. २०२३ मध्ये आणखी लोक घेतले, एडीएचडी असलेले ३८,६९१ आणि नसलेले १,८६,८४३, तेव्हा २७ जागा झाल्या. इतकी माणसं तपासून २७! आणि त्याच अभ्यासाचा अंदाज असा की प्रत्यक्षात सात हजारांहून जास्त बारीक फरक यात आहेत. या सगळ्या फरकांची बेरीज करून जो स्कोअर काढतात त्याने एडीएचडी असलेले आणि नसलेले यांच्यातला फक्त साडेपाच टक्के फरक समजतो, हा २०१९चा आकडा. मोठ्या गटात त्याचा उपयोग आहे, एका मुलीसाठी काहीच नाही. त्यातून ही माणसं मुख्यतः युरोपीय वंशाची. तोच स्कोअर उचलून नाशिक-साताऱ्याच्या मुलीला लावला तर उरलीसुरली अचूकताही जाते. तुमच्या चार वर्षांच्या लेकीच्या नावापुढे कुणी हाय रिस्क लिहून दिलं तर तुम्ही तिच्याकडे कायम त्याच नजरेने बघाल, आणि त्या कागदाला आधार किती तर हा एवढाच.

नव्वदच्या दशकात तर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित दोन-तीन जनुकं हीच एडीएचडीची जनुकं असं सगळे धरून चालले होते. एवढ्या मोठ्या अभ्यासांत ती २७ जागांच्या यादीत आलीच नाहीत. काही कंपन्यांच्या रिपोर्टात मात्र अजून त्यांचीच नावं असतात.

लहानपण ते मोठेपण याबद्दल थोडं, कारण माझा विषयच तो आहे. एक कोडं बरीच वर्षं होतं. मुलांमध्ये आनुवंशिकता सत्तरच्या वर येते आणि मोठ्यांमध्ये तीस-चाळीस टक्केच. सगळे म्हणायला लागले, मोठेपणी जनुकांचा जोर कमी होतो. मग लक्षात आलं की मोजायची पद्धतच बदललेली होती. लहान जुळ्यांची माहिती एकच आई देते, दोघांची. मोठे झाल्यावर प्रत्येकजण स्वतःचा फॉर्म स्वतः भरतो, आणि स्वतःला ओळखण्यात प्रत्येकाचा हिशोब वेगळा, त्यामुळे आकडा पडतो. स्वीडनमध्ये डॉक्टरांनी केलेलं निदान धरून बघितलं, २०१४ मध्ये, तर मोठ्यांतही ७२ टक्के आला. जोर कमी झालेलाच नव्हता.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार सुंदर वाटते. इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या हजारो जोड्या आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत बघितल्या. उड्या मारणं, मधे बोलणं, ही लक्षणं वयाबरोबर साधारण निम्म्यावर आली, लक्ष न लागणं मात्र थोडंसंच कमी झालं. म्हणून मोठेपणी माणूस वरून शांत दिसतो आणि आत गोंधळ तसाच असतो. आणि लक्षणं आठव्या वर्षी किती आहेत याच्यामागची जनुकं आणि ती पुढे किती वेगाने कमी होतात याच्यामागची जनुकं, ही बरीचशी वेगळी निघाली. म्हणजे आज सगळ्यात दंगेखोर असलेला मुलगा सोळाव्या वर्षीही सगळ्यात दंगेखोर असेल असं नाही, आणि आज बरा दिसणारा पुढे तसाच राहील असंही नाही. तिसरीतल्या मुलाकडे बघून त्याची तिशी कुणी सांगू शकत नाही, आम्हीपण नाही.

उशिरा_उमगलं ताई, लहान मुलांतला एडीएचडी आणि मोठ्यांतला टिकलेला एडीएचडी यांची जनुकं ताडून बघितली तर जुळणी ०.८१ येते, १ म्हणजे पूर्ण सारखं. म्हणजे झाड एकच. पण ज्यांचं निदान उशिरा होतं त्यांच्यात डिप्रेशनशी जुळणारा जनुकांचा भाग जास्त दिसतो आणि लहानपणी निदान झालेल्यांत ऑटिझमशी जुळणारा. हेही इथल्याच नोंदींतून, २०२२ मध्ये निघालंय. तुमची डिप्रेशनची सहा वर्षं वाचली आणि मला तो तक्ताच आठवला. मी रोज नुसत्या ओळी आणि स्तंभ बघतो, त्यातल्या एखाद्या ओळीमागे कोण असेल हे असं कधी वाचायला मिळत नाही.

निवृत्त_मास्तर:

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. जिल्हा परिषदेची शाळा, सोलापूरकडे. या विषयातलं मला काही कळत नाही पण वाचून एक सांगावंसं वाटलं.

चौथीत एक पोरगा होता माझ्याकडे. सारखी चुळबूळ. पट्टीने मारलं, अंगठे धरून उभं केलं, बापाला बोलावलं. बाप आला तो वर्गाच्या दारातच उभा राहिला, आत येईना. मी सगळं सांगितलं तर हात जोडून म्हणाला, गुरुजी मला पण शाळेत असंच मारायचे म्हणून मी सोडली शाळा. मला वाटलं हा पोराची बाजू घेतोय. बाप गवंडी होता, हात असा की एका नजरेत भिंत ओळंब्यात आहे की नाही सांगायचा. पोरगा सहावीत शाळा सोडून बापाच्या हाताखाली गेला.

बाप आणि मुलगा दोघंही माझ्यासमोर उभे होते आणि मला दिसलं नाही. आता हे सगळं वाचताना दिसतंय. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं हे खरं आहे, तरी पट्टी माझ्या हातात होती. मुलाच्या बाईंना भेटा ताई, भांडायला जाऊ नका, शेजारी बसून सांगा. त्याला पहिल्या बाकावर बसवा, खिडकीपासून लांब, फळ्यावरचं सगळं उतरवायला लावण्याऐवजी अर्धं लिहून द्या, दर पंधरा मिनिटांनी खडू आणायला, वह्या गोळा करायला उठवा. शेवटच्या पाच वर्षांत मी हे करत होतो, आपल्याच मनाने, आणि पोरं बसायची. चांगला शिक्षक ऐकेल.

बालमन_डॉक्टर:

मास्तर, तुम्ही जे उपाय लिहिलेत तेच आम्ही शाळांना लिहून देतो, फक्त आमच्या कागदावर शिक्का असतो.

उशिरा_उमगलं ताई, तुमच्या ऑफिसमधल्यांनी वाचलंय ते बहुतेक न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या अभ्यासाबद्दल असणार. १९७२-७३ मध्ये तिथे जन्मलेली हजारावर मुलं आजतागायत तपासली जातात. २०१५ मध्ये त्यांनी सांगितलं की ३८व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडी दिसला त्यातल्या ९० टक्क्यांना लहानपणी तो नव्हताच, आणि एडीएचडीशी जोडलेले जनुकांतले फरकही त्यांच्यात जास्त दिसले नाहीत. त्यावर खूप वाद झाला. कारण मोठेपणी लक्ष न लागायला कारणं पुष्कळ असतात, झोप, दारू, नैराश्य, थायरॉइडसुद्धा. आणि उलट बाजूने, लहानपणी होतं पण झाकलं गेलं अशीही माणसं असतात. हुशार असतात, मुलगी असते, गडबड करत नाही, किंवा घरी दप्तर भरणारं कुणी असतं. म्हणूनच सध्याच्या निकषांत बाराव्या वर्षाआधी काही लक्षणं हवीत अशी अट आहे, त्याआधी ती सातव्या वर्षाची होती, ती २०१३ मध्ये बदलली. निदान नव्हे, लक्षणं. तुमच्या डॉक्टर बाईंनी दप्तराचं उगाच विचारलं नाही. आणि तुमची मुलगीही तीच गोष्ट सांगतेय.

पिल्लांच्या आई, धाकटीचं. एका भावंडाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असते, हे लपवत नाही, आणि वडिलांनाही निघाला तर आणखी वाढते. तरीही भावंडांमधल्या बहुतेकांना होत नाही. चार वर्षांचं मूल चंचल असतंच, या वयात निदान करायची घाई आम्हीही करत नाही. आणि समजा पुढे केलं, तरी सहा वर्षांखाली पहिला उपचार गोळी नसतो, आईवडिलांना काही पद्धती शिकवणं हा असतो, थोडक्यात सूचना द्यायची, एका वेळी एकच, आणि जमलं की लगेच शाबासकी. त्या तुम्ही मोठ्यासाठी शिकणारच आहात, धाकटीला आपोआप मिळतील. ती शाळेत बसायला लागली, पाच-सहाची झाली, की बघू.

मिस्टरांनी मोठ्यांना बघणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. मोठ्यांच्या निदानाला लहानपणाचा पुरावा लागतो, जुनी प्रगतिपुस्तकं, वह्या, लहानपणी सांभाळलेलं कुणी सोबत. सासूबाई येतील का?

दोन_पिल्लांची_आई:

सगळ्यांना एकेकाला वेगळं उत्तर द्यायचं होतं पण काय लिहू तेच कळत नाहीये. डॉक्टर, तुमचा पॅरासिटामॉलचा परिच्छेद मी तीनदा वाचला आणि मग नवऱ्याला वाचून दाखवला. त्याला माहीतच नव्हतं की मी आठ वर्षं हे मनात धरून आहे. आकडेमोड, टेस्टच्या साईटवर कार्टमध्ये घालून ठेवली होती, काढली. मास्तर, तुमचं वाचून हा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

सासूबाईंचं सांगते. डॉक्टरांनी लिहिलेलं प्रगतिपुस्तकाचं मी त्यांना विचारलं, मला वाटलं ओरडतील. काही बोलल्या नाहीत. दुपारी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली, तिच्यात सगळ्यात खाली, त्यांच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, याची पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तकं. कडा वाळवीने खाल्लेल्या. प्रत्येक सत्राला वेगळ्या बाईंचं अक्षर आणि शेरा जवळजवळ तोच. हुशार आहे पण लक्ष देत नाही. वही अपूर्ण. शेजारच्या मुलांना त्रास देतो. पाचवीच्या दुसऱ्या सत्रात लाल पेनाने, पालकांनी समक्ष भेटावे, आणि खाली सासूबाईंची सही. सातही पुस्तकांवर त्यांचीच सही आहे, सासऱ्यांची एकावरही नाही.

मी विचारलं आई, तुम्ही भेटायला गेला होतात का? म्हणाल्या, दर वेळी जायचे. ह्यांना सांगितलं असतं तर पोराला पट्ट्याने मारलं असतं, म्हणून सही मीच करायची आणि पुस्तकं इथे ठेवायची.

मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, तुझ्या त्या डॉक्टरांकडे कधी जायचंय, मला आधी सांग, मंगळवारी माझा उपास असतो.

उशिरा_उमगलं:

अगं, पुस्तकांचे फोटो काढून ठेव पण नेताना मूळचीच ने. आणि बोलणं सासूबाईंनाच करू दे, तू मधे बोलू नकोस. त्यांना आठवेल ते नवऱ्यालाही आठवत नसेल. शुक्रवारची वेळ मिळाली तर बघ.